कमान झुलते, सरपण पेटत नाही, मागची मुलं दमतात

स्काउट-गाइड पथकांचे शिक्षक, पालक आणि संघनायकांनी (पथकातल्या छोट्या गटांचं नेतृत्व करणाऱ्या मुलामुलींनी) शिबिरे व पदभ्रमंतीविषयी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोन उभे आणि दोन आडवे वासे बांधून शिबिराची कमान केली. गाठी घट्ट होत्या, तरी वारा आला की कमान बाजूला झुलते. दुसऱ्या दिवशी तर बंधही ढिले पडले. काय चुकलं? (संघनायिका, वय १४)

दोन उभे, दोन आडवे, एवढंच असेल तर ती झुलणारच. चौकोनाचे कोपरे कितीही आवळले तरी ते बिजागरीसारखे वागतात. चार काटक्या आणि रबरबँड घेऊन छोटा चौकोन बांध आणि वरच्या कोपऱ्याला बोटाने ढकल. तो लगेच कलेल. आता एक काटकी कर्णासारखी तिरपी बांध. तीच चौकट हलायची थांबेल, कारण आता त्यात त्रिकोण तयार झाले. त्रिकोणाची एखादी बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

म्हणून कमानीला दोन तिरपे वासे फुलीसारखे लावा. फुलीची तीन टोकं चौकटीच्या एकाच बाजूने आणि चौथं टोक मात्र दुसऱ्या बाजूने बांधायचं. त्यामुळे तिरपे वासे मधे एकमेकांवर दाबले जातात आणि चौकट ताठ होते. सगळे मिळून आठ स्क्वेअर लॅशिंग (एकमेकांना टेकलेल्या वाशांचा चौकोनी बंध) आणि फुलीच्या मध्यावर एक डायगोनल लॅशिंग (वाशांना जवळ ओढणारा तिरपा बंध) लागेल. मधल्या जागी स्क्वेअर लॅशिंग चालत नाही. तिथे वासे एकमेकांपासून दूर जायला बघतात, म्हणून सुरुवात टिंबर हिचने (ओढली की आवळत जाणाऱ्या गाठीने) करून त्यांना आधी जवळ ओढावं लागतं.

आता ढिल्या बंधांचं. स्क्वेअर लॅशिंग करताना उभ्या वाशावर, आडव्याच्या लगेच खाली क्लोव्ह हिच (वाशाभोवती दोन वेढे देऊन टोक वेढ्याखाली अडकवायची गाठ) घ्या. दोराचं उरलेलं छोटं टोक लांब दोराला पीळ देऊन गुंडाळा, नाहीतर पहिल्याच झटक्याला गाठ सरकते. मग तीन ते चार वेढे द्या. आडव्या वाशावर प्रत्येक नवा वेढा आधीच्याच्या बाहेरून आणि उभ्यावर आतून गेला पाहिजे. वेढे एकमेकांवर चढले की वरचा वेढा दोन दिवसांत घसरून खाली येतो आणि तेवढा दोर मोकळा होतो. यानंतर दोन्ही वाशांच्या मधून दोन आवळफेरे (आधीचे वेढे आवळणारे फेरे) घ्यायचे. बहुतेक संघ इथेच घाई करतात. बंधाचा खरा ताण वेढ्यांत नसतो, आवळफेऱ्यांत असतो. दोर आखूड काठीला गुंडाळून, पाय टेकवून, सगळं वजन मागे टाकून ओढा. शेवटची क्लोव्ह हिच आडव्या वाशावर घ्या.

दोर किती? दोन्ही वाशांच्या जाडीची बेरीज करा आणि दर अडीच सेंटिमीटरला एक मीटर धरा. साडेसात सेंटिमीटरचे दोन वासे असतील तर सहा मीटर. दोर नायलॉनचा असेल तर तो बदला. तो गुळगुळीत असतो आणि ताणला जातो. सुंभ किंवा सिसलचा (घायपाताचा) दोर लाकडाला धरून बसतो. पण तो ओला झाला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणून रोज सकाळी आणि पावसानंतर प्रत्येक बंध हाताने तपासावा लागतो. वासे सालीसकट असतील तर बंधाखालची साल आधी काढा. ओली साल सुटते आणि बंध तिच्यासकट घसरतो.

प्रश्न : ११ ते १३ वयाची २४ मुलं, १० किलोमीटर वाट, ३०० मीटर चढ. तीन तास धरले होते, साडेपाच लागले. मागची मुलं पार गळून गेली. (स्काउट शिक्षक)

मुलं हळू चालली नाहीत, हिशेब चुकला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे तुमची वाट अडीच तासांची होते. पण हा नियम न थांबता चालणाऱ्या धडधाकट प्रौढांचा आहे. पाठीवर सॅक असलेल्या मुलांसाठी ताशी तीन किलोमीटर धरा, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास. दर ५० मिनिटांनी दहा मिनिटांचा थांबा, असे चार. जेवणाला चाळीस मिनिटं. एकूण पाच तास दहा मिनिटं. तुम्ही जवळजवळ वेळेवर पोचलात.

मागची मुलं गळून जाण्याचं कारण मात्र वेगळं आहे. पुढचे भरभर चालतात, वळणावर थांबतात, पाणी पितात, बसतात. मागचे धापा टाकत पोचतात, तोवर पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते उठतात. ज्यांना विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही. थांब्याची दहा मिनिटं शेवटचं मूल खाली बसल्यावर मोजायला सुरुवात करा. सर्वांत हळू चालणाऱ्याला रांगेत दुसरा ठेवा आणि पुढच्याला त्याच्या पावलाने चालायला सांगा. त्याला सगळ्यांत पुढे ठेवू नका. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन चालणं त्या वयात फार जड जातं. रांगेच्या टोकाला एक मोठा माणूस हवा आणि त्याच्या मागे कोणीही नको, लघवीला थांबलेलं मूलसुद्धा.

सॅकची वजनं निघण्याआधी प्रत्यक्ष करून बघा. मुलाच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत बरं, वीस टक्के ही शेवटची मर्यादा. ४० किलोच्या मुलाला ती आठ किलो येते आणि त्यातले दोन किलो नुसत्या पाण्याचे असतात. परतीची वेळही घरीच ठरवून लिहून ठेवा : अमुक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. दमलेल्या पथकासमोर, शिखर दिसत असताना हा निर्णय घेणं कठीण असतं.

प्रश्न : होकायंत्राच्या बाणाप्रमाणे ७०० मीटर चाललो. ओढा लागला, पण पूल दिसेना. डावीकडे शोधू की उजवीकडे तेच कळेना. (संघनायक, वय १३)

एक अंशाची चूक एका किलोमीटरवर सुमारे १७ मीटर भरते. हातात धरलेल्या होकायंत्राने झाडाझुडपांतून चालताना पाच अंश इकडेतिकडे होणं अगदी साहजिक आहे. तुझ्या ७०० मीटरवर ते साठ मीटर झाले आणि झाडीत तेवढ्या अंतरावरचा पूल दिसत नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे मुद्दाम एका बाजूला चुकणं. नकाशावरून पुलाचा दिशाकोन (पूल उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते) काढ आणि त्यात दहा अंश मिळव. आता तू पुलाच्या उजवीकडे सुमारे १२० मीटरवर ओढ्याला लागशील. पाच अंशांची चूक झाली तरी उजवीकडेच असशील. मग डावीकडे वळून काठाने चालायचं, पूल येतोच.

अजून दोन गोष्टी. वाचन घेताना मोबाइल, चाकू आणि पट्ट्याचं लोखंडी बक्कल होकायंत्रापासून हातभर दूर ठेव. आणि निघण्याआधी सूर्याकडे एकदा बघ. सुईचं उत्तरेचं टोक चुकून उलटं धरलं तर १८० अंशांची चूक होते. सकाळी पूर्वेला जायचं असून ऊन पाठीवर येत असेल, तर काहीतरी उलटं झालं आहे.

प्रश्न : पावसानंतर सरपण पेटतच नाही. मुलं अर्धी काडेपेटी संपवतात, नंतर रॉकेल मागतात. (गाइड शिक्षिका)

रॉकेल देऊ नका. पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर ओतलं तर ज्योत बाटलीपर्यंत येते.

अशा वेळी बहुतेकदा लाकूड ओलं असतं त्यापेक्षा जाड जास्त असतं. काडी ओढण्याआधी चार ढीग तयार हवेत : चेतवण (काडी लावताच पेटणारं सुकं, बारीक काहीतरी), आगकाडीएवढ्या काटक्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या. आगकाडीएवढ्या काटक्यांची जुडी दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढी मोठी हवी. मुलं नेहमी याच्या पाव भागावर थांबतात. काटक्या जमिनीवरून उचलू नयेत. झाडाच्या खालच्या फांद्यांवर अडकलेल्या मेलेल्या काटक्या घ्याव्यात. मोडताना कट् असा आवाज आला तर सुकी, नुसती वाकली तर ती टाकून द्यावी. मनगटाएवढं लाकूड बाहेरून भिजलेलं असलं तरी आतून बहुधा कोरडं असतं. ते उभं चिरून आतल्या गाभ्याच्या काड्या करा.

ओल्या जमिनीवर थेट आग लावू नका. अंगठ्याएवढ्या काठ्या शेजारी शेजारी मांडून पाट करा, नाहीतर मातीतली वाफ वर येऊन सुरुवातीची धग खाते. चेतवण पेटली की बारीक काटक्या सैल ठेवा, मधून हवा जाईल अशा. ज्योत काटक्यांच्या वर दिसू लागेपर्यंत पुढच्या जाडीला हात लावायचा नाही. पांढरा दाट धूर येतोय याचा अर्थ लाकूड तापतंय, पण पेट घेण्याइतकी धग नाही. तिथे फुंकर घालण्यापेक्षा आणखी बारीक काटक्या टाका.

चुलीला नदीतले दगड नकोत. त्यांत मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की दगड फुटून कपच्या उडतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन बघा. गरम लागली तर पुन्हा पाणी.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला शिबिरात चाकू वापरू देणार आहेत. द्यावा का? (पालक)

द्यावा, पण पद्धतीने शिकवून. बोथट चाकू जास्त धोकादायक, कारण तो चालवायला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. सुरुवातीला टोक गोल असलेला, पातं उघडल्यावर पक्कं अडकणारा चाकू बरा.

बसायची जागा महत्त्वाची. हात लांब करून चाकू झाकलेल्या स्थितीतच सगळीकडे फिरवावा. त्या वर्तुळात कोणी नसेल तरच पातं उघडायचं. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरून, अंगापासून दूर तासायचं. लाकूड दोन मांड्यांच्या मधे धरून तासू देऊ नये. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते आणि ती कापली तर फार थोड्या वेळात खूप रक्त जातं. चाकू दुसऱ्याला देताना बंद करून द्यायचा आणि घेणारीने 'मिळाला' म्हटल्यावरच सोडायचा. शिक्षकांना एक विचारा : एका मोठ्या माणसामागे किती मुली एका वेळी चाकू हाताळणार? पहिल्या दिवशी चारपेक्षा जास्त नसाव्यात.

प्रश्न : नवीन तंबू, तरी सकाळी आतून ओला. गळतोय का?

बहुधा नाही. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर पाणी होऊन बसते. झरोके पावसातही उघडे ठेवा आणि आतलं कापड बाहेरच्याला चिकटत असेल तर तणावे ताणून घ्या. पाणी कडेने आत येत असेल तर खालचं प्लास्टिक बघा. ते तंबूच्या बाहेर चार बोटं जरी आलं तरी पाऊस झेलून पाणी आत आणतं. ते आत दुमडा.

प्रश्न : ३२ मुलं आणि दोन शिक्षक. कोणताही उपक्रम घेतला तरी मुलांचा निम्मा वेळ रांगेत जातो.

३२ मुलांचा एक उपक्रम घेऊ नका, आठ मुलांचे चार घ्या. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसएक मुलांचेही कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल असे चार संघ केले होते. प्रत्येक संघाचं नेतृत्व एका मोठ्या मुलाकडे होतं.

चार थांबे, प्रत्येकी २५ मिनिटं आणि बदलायला पाच मिनिटं, असे दोन तास. जिथे धोका आहे तिथेच शिक्षक हवेत, म्हणजे चाकू आणि आग. मार्गचिन्हांवरून माग काढणं आणि गाठी हे दोन थांबे संघनायक सांभाळतात. पण त्यासाठी संघनायकांना आदल्या आठवड्यात तोच उपक्रम स्वतः करायला लावा. नुसतं सांगून पाठवलं तर तेही मुलांना नुसतं सांगतात आणि दोर हातात एकाच्याच राहतो. साहित्य मोजून ठेवा : गाठींच्या थांब्यावर प्रत्येक मुलाला दोन मीटरचा स्वतःचा दोर.

प्रश्न : मोकळ्या पठारावर पथक असताना वीज कडाडू लागली तर? (संघनायक, वय १५)

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोज. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस किंवा त्याहून कमी आले तर लगेच उतरायला लागा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद टपाच्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. तंबू आणि एकटं झाड यांचा आसरा घ्यायचा नाही. काहीच जवळ नसेल तर कडा आणि उंचवटा सोडून सखल जागी या आणि एकमेकांत मोठं अंतर ठेवा, म्हणजे एकाच विजेने सगळे जखमी होणार नाहीत आणि मदत करायला कोणीतरी उरेल. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात ती साठून राहत नाही, त्यामुळे त्याला हात लावायला घाबरू नकोस. तो श्वास घेत नसेल तर मदत बोलावायला एकाला पाठव आणि छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला लगेच सुरुवात कर.