सुयांवर विणलेल्या बेबी कॅरिअरमध्ये बाळाला घेता येईल का?

तुम्ही विचारलंय की बाळ यायच्या आत सुयांवर कॅरिअर, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायचा पट्टा, विणायचं आहे, लोकर कुठली घ्यावी आणि टाके किती घालावेत. बाळाचं वजन पेलणारा भाग कृपा करून विणू नका, तो हातमागाच्या कापडाचाच असू द्या.

भाचीच्या बाळासाठी मी जाड सुती धाग्याचा एक पट्टा विणला होता, सगळ्या ओळी सुलट, वीण चांगली घट्ट. बाळाला त्यात घेण्याआधी पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून तो रात्रभर टांगून ठेवला. सकाळी पट्टा वीतभर लांबला होता आणि मध्ये चिंचोळा झाला होता. तो मी उसवला.

असं होतं कारण विणकामात एकच धागा फास होऊन एकमेकांत अडकत जातो. वजन पडलं की प्रत्येक फास सरळ व्हायला बघतो. कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते फार ताणत नाही. शिवाय विणलेल्या पट्ट्यातला एक टाका तुटला तर खालचे टाके सुटत जातात, आणि सैल विणीत बाळाची बोटं अडकतात ती वेगळीच.

पट्टा सैल पडला की बाळ खाली घसरून दुमडतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याला मान सावरता येत नाही, श्वासाची वाट तिथेच दबते. कापड कुठलंही असो, बाळ आपल्या छातीशी घट्ट हवं, तोंड सतत दिसत राहावं आणि मान खाली घालून त्याच्या टाळूचा पापा घेता येईल इतकं ते वर असावं. हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत. गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आणि पाय फाकलेले असले की खुब्याचे सांधेही नीट राहतात. बाळ दिवसांआधी झालं किंवा वजनाला कमी असलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

कापडासाठी साधी सुती हातमागाची साडी छान. साडेपाच मीटर लांबी बांधायला पुरते, रुंदी साधारण सत्तर सेंटिमीटर ठेवून कडा दुमडून शिवून घ्या. आजीची जुनी साडी वापरायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण उजेडात धरून बघा, विरलेली दिसली तर तिची दुपटी करा.

विणायची हौस मात्र मारू नका. कॅरिअरमध्ये बाळाची पँट वर सरकते आणि पोटऱ्या उघड्या पडतात. हिवाळ्यात त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे पायमोजे फार कामी येतात. फोर प्लायची मऊ लोकर आणि दहा नंबरच्या सुया घ्या. ४४ टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी वीस सेंटिमीटर वीण करा, टाके सैलसर बंद करा आणि कडा जोडून नळी शिवा. इथे वीण ताणते तेच हवं असतं. तळवा विणायची गरज नाही, घोट्याशी उघडीच ठेवा. आतल्या बाजूला धाग्याचं एकही टोक लोंबतं ठेवू नका, ते बाळाच्या बोटाला गुंडाळलं जाऊ शकतं.