सगळं कटलं, मग उरलं काय?

प्रश्न: सर, मुलगी नववीत, सातवीपर्यंत मराठी मिडीयम आणि आता इंग्लिश. (क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) × (क्ष + २)/(क्ष − ३) हे गणित तिनं सोडवलं, वरचं खालचं सगळं कट झालं म्हणून उत्तर ० लिहिलं, बाईंनी चूक दिली. का? – एक आई, खानापूर

उत्तर: ताई, पोरीनं अवघड काम बरोबर केलंय की! क्ष² − ९ म्हणजे (क्ष − ३)(क्ष + ३), आणि खाली (क्ष + २)(क्ष + ३), हे अवयव, म्हणजे तिच्या आताच्या भाषेत फॅक्टर, पाडल्यावर सगळं कटतंच. पण कट म्हणजे भागाकार हो, वजाबाकी नव्हे. सहा बॉक्स कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, सहा जणांत वाटला तर प्रत्येकाला एक बॉक्स येतो, शून्य कसा येईल? म्हणून उत्तर १.

बरीच पोरं तर अवयव न पाडताच वरचा क्ष² आणि खालचा क्ष² उडवतात, ते चालत नाही, कारण ते बेरजेतले तुकडे आहेत, गुणाकारातले नाहीत. पटत नसेल तर क्ष = १ घालून बघा, पहिला अपूर्णांक −८/१२ येतो आणि असं उडवून −९/११, झाला की घोळ.

आणि हां, उत्तराशेजारी क्ष ची किंमत ३, −२, −३ नसावी हे लिहायला सांगा, तिथं मूळ गणितातला छेदच शून्य होतो, मग ते १ म्हणण्यात अर्थ नाही.