शॉवरमध्ये गॅस सोडायचा म्हणे!

प्रश्न : ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी परळच्या चाळीतून कांदिवलीला टॉवरमध्ये राहायला आलो. फ्लॅट छान आहे, लिफ्ट आहे, पण पाणी निम्मं टँकरचं. तेव्हापासून माझ्या केसांचा पार झाडू झालाय आणि पायाची कातडी खरखरते. मुलाने कुठेतरी व्हिडिओ बघितला की जपानमध्ये शॉवरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याने स्किन, केस सगळं मऊ होतं. त्याच्याकडे फिश टँकमधल्या झाडांसाठी घेतलेला दोन किलोचा गॅस सिलिंडर आहेच, तो म्हणतो गीझरच्या पाइपला टी मारून जोडून देतो. करू दे का?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : नका करू देऊ. मुलाला ओरडू पण नका, कारण त्याने बघितलंय ते अगदीच थापाथापी नाहीये.

जपानमध्ये, जर्मनीत वगैरे जमिनीतूनच सोड्यासारखं फसफसणारं पाणी येतं असे झरे आहेत, जपानचं नागायू आणि जर्मनीचं बाड नाउहाइम ही त्यातली नावाजलेली. जपानी लोकांनी तर त्याची टबात टाकायची गोळीसुद्धा काढली, काओ कंपनीची ‘बब’, 1983 पासून मिळते. अशा पाण्यात हात बुडवून बसलं की हातावरच्या लवेला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात आणि दहाएक मिनिटांनी हात बाहेर काढला तर पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंत कातडी लालसर, वर नेहमीसारखी, मधे रेघ मारल्यासारखी दिसते. गॅस कातडीतून आत जातो, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त फिरतं, एवढं खरं आहे.

पण हे सगळं बुडून बसण्याचं काम आहे हो! शॉवरमध्ये काय होतं, पाण्याचे हजार थेंब होतात, प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी हवा लागते आणि गॅस अंगावर पडायच्या आधीच निम्मा शिम्मा उडून जातो. सोड्याची बाटली उंचावरून ग्लासात ओतली की कशी लगेच मिळमिळीत होते, तसंच. त्यात पाणी गरम. 25 डिग्रीला एक लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम गॅस विरघळतो, 40 डिग्रीला जेमतेम एक. गीझरच्या आधी टी मारली तर तापवताना गॅस सुटणार, वर या पाण्याने लोखंडी जीआय पाइप गंजतात ते वेगळंच.

उरतो आंबटपणा. गॅस विरघळलेलं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि केसांना ते आवडतं. साबणाचा पीएच 9-10, त्याने केसांवरची खवलं उभी राहतात, केस एकमेकांत अडकतात, आणि आंबट पाण्याने ती खवलं परत बसतात. आपल्या आज्या शिकेकाई लावायच्या ती पण सौम्य आम्लधर्मीच की. मग त्याच कामासाठी मगभर पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घातलं तरी भागतं, सिलिंडर कशाला? (मी परवा पानवाल्याकडून साधा सोडा आणून डोक्यावर ओतून बघितला, तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणून. मिनिटभर डोक्यात चुरचुर, मान गारठली आणि केस व्हिनेगरने होतात तेवढेच मऊ झाले.)

आता तुमचा खरा प्रॉब्लेम. परळला तुम्ही तानसा-भातसाचं पाणी वापरत होतात, तलावाचं, मऊ. टँकरमधून बहुतेक वेळा बोअरचं नाहीतर विहिरीचं येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, म्हणजेच ते जड. साबण त्याच्याशी मिळून जो पांढरट चिकट मळ होतो ना, बादलीच्या कडेला बोट फिरवल्यावर लागतो तो, तोच तुमच्या केसांवर आणि पायांवर बसतोय. गॅस सोडून हा जडपणा जात नाही, कॅल्शियम पाण्यातच राहतं आणि गॅस उडाला की परत थर धरतं. खात्री करायची तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस राहिला तर पाणी मऊ, दुधासारखं गढूळ होऊन वर साय धरली तर जड. शाम्पूने ही टेस्ट करू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो.

किचनमध्ये म्युनिसिपालिटीचा डायरेक्ट नळ असेल तर सकाळी पाणी येतं तेव्हा एक बादली भरून ठेवा आणि केस फक्त त्याने धुवा. नसेल तर निदान शेवटचे दोन मग पिण्याच्या पाण्याचे. शॉवरला लावायचा छोटासा फिल्टर जडपणाचं फारसं काही करू शकत नाही, पैसे घालायचेच तर सोसायटीत सॉफ्टनरचा विषय काढा, मीठ घालावं लागतं तो. आणि पायाला अंघोळीनंतर ओलसर असतानाच खोबरेल.

सिलिंडरचं मात्र मुलाला नीट समजवा. 4 बाय 6 च्या बाथरूममध्ये साधारण 5,400 लिटर हवा मावते आणि दोन किलो गॅस मोकळा झाला तर होतो 1,100 लिटरच्या आसपास, म्हणजे जवळपास 20 टक्के. 10 टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, खाली साठतो, आणि तुम्ही स्टुलावर बसून अंघोळ करत असाल तर तुमचं नाक तिथेच. गॅस गीझरमुळे होतात ते अपघात कार्बन मोनॉक्साइडचे, तो वेगळा, पण दार-खिडकी लावलेलं न्हाणीघर ही जागा दोन्हींना सारखीच. सिलिंडर फिश टँकपाशीच राहू दे, तोही उन्हात नको, 31 डिग्रीच्या वर आतला गॅस द्रवरूपात राहतच नाही आणि प्रेशर भराभर चढतं.

प्रश्न : मग मी बादलीत खायचा सोडा टाकला तर तोच इफेक्ट येईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही, उलटा येईल. नावात सोडा असला तरी तो अल्कली आहे, केस आणखी राठ होतील. ईनो टाकलं तर फसफसेल खरं, पण बादलीभर पाण्यात एका पुडीचा गॅस म्हणजे दर्या में खसखस. ते पोटासाठीच ठेवा.

प्रश्न : पार्लरमध्ये ‘कार्बोनेटेड हेअर वॉश’चे वेगळे पैसे घेतात. घ्यावा का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : मजा म्हणून एकदा घ्या, डोकं हलकं वाटतं, आणि कुणी दुसरं आपलं डोकं धुऊन देतंय यातच निम्मं सुख असतं. केस गळायचे थांबतील असं सांगत असतील तर नाही म्हणा. आणि बसायच्या आधी विचारा की पाणी नळाचं आहे की टँकरचं.