‘युवे’ नव्हे, मग काय? डच बुद्धिबळपटूंच्या नावांचे उच्चार

गेल्या वेळी परकीय नावांबद्दल लिहिलं, तेव्हापासून बुद्धिबळप्रेमींची पत्रं सुरूच आहेत. बहुतेकांचा रोख एकाच नावावर आहे, म्हणून आज डच नावांची चर्चा करू.

प्रश्न : १९३५ साली अलेखिनला हरवून जगज्जेता झालेल्या मॅक्स... पुढचं आडनाव नक्की काय? मराठीत ‘युवे’ वाचलं. यूट्यूबवर कोणी ‘ऊवी’ म्हणतं, कोणी ‘यूव’. (नाशिक)

यातला एकही उच्चार बरोबर नाही. आडनावाचं रोमन स्पेलिंग ई-यू-डब्ल्यू-ई असं आहे आणि आपण ते इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो. ‘युरोप’मधला ‘यु’ आठवतो आणि तोच इथे लावला जातो. डचमध्ये ‘ई-यू’ या जोडीचा उच्चार वेगळा आहे. तो स्वर मराठीत नाही, पण काढायला अवघड नाही. लांब ‘ए’ म्हणा, तो तसाच चालू ठेवा आणि जीभ जराही न हलवता ओठ मात्र ‘ओ’ म्हणताना होतात तसे गोल करा. जो आवाज निघेल तो या नावाचा पहिला स्वर. आरशासमोर करून पाहा, लगेच जमतो.

पुढचं सगळं आपल्याला आयतं मिळालेलं आहे. नेदरलँड्समधला ‘डब्ल्यू’ म्हणजे जवळजवळ आपला ‘व’. वरचे दात खालच्या ओठाला हलकेच लागतात, घर्षण होत नाही. इंग्रजांना हा आवाज शिकावा लागतो. आपण तो ‘वारा’, ‘वेळ’ म्हणताना रोज काढतो. कृपा करून तिथे ‘व्ह’ घालू नका. शेवटचा ‘ई’ म्हणजे निव्वळ ‘अ’, ‘केलं’, ‘गेलं’च्या शेवटी ऐकू येतो तसाच, फक्त आखूड. आघात पहिल्या अक्षरावर. सगळं मिळून ‘ओवं’, पण त्यातला ‘ओ’ वर सांगितलेला, ‘ए’च्या जागेवरून काढलेला.

ज्या माणसाने गणिताची शिक्षकी सांभाळत अलेखिनला साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी हरवलं आणि पुढे १९७० ते १९७८ फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, अध्यक्षपद भूषवलं, त्याचं नाव नीट घेण्यासाठी दोन मिनिटं आरशासमोर उभं राहायला काहीच हरकत नसावी.

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचं काम करते. बोलायचं कळलं, पण छापायचं काय? ‘ओव’, ‘ओवं’ की ‘ओवे’? (पुणे)

‘ओव’ नको. मराठी वाचक शेवटचा ‘अ’ गिळतो आणि दोन अक्षरांच्या नावाचं ‘ओव्’ होऊन बसतं. ‘ओवं’ उच्चाराला सर्वांत जवळचं आहे. मात्र विभक्ती लावताना ते अडचणीत आणतं. ‘ओवंनी’मधला अनुस्वार आदरार्थी की मूळचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून मी छापताना ‘ओवे’ स्वीकारते आणि ‘ओवेंनी’, ‘ओवेंचा’ असं चालवते, जसं ‘अत्रेंचा’. पहिल्या उल्लेखापाशी उच्चाराची एक ओळ दिली की पुरे. ‘युवे’ मात्र आता सोडायलाच हवं, कारण ते ना डच आहे ना मराठीची गरज.

प्रश्न : माझ्या जुन्या रशियन पुस्तकांत हेच नाव ‘एय्वे’ असं छापलंय. ते अधिक अचूक का? (मुंबई)

नाही. रशियनमध्येही तो गोल ओठांचा स्वर नाही, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने जवळचा घेतला. रशियन बोलताना तेच म्हणा, मराठीत नको.

प्रश्न : आमच्या वर्गातली मुलं समालोचन ऐकून ‘युवे’ म्हणतात. मी दर वेळी टोकावं का? (बुद्धिबळ प्रशिक्षक, ठाणे)

डाव चालू असताना अजिबात टोकू नका. पण ओवेंचे डाव शिकवताना तुम्ही स्वतः सातत्याने बरोबर म्हणा. मुलं कानाने शिकतात. आठवड्याभरात वर्ग तुमच्यासारखं बोलू लागेल.

प्रश्न : टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा नेदरलँड्समध्ये जिथे होते त्या गावाचं नाव काय? ‘विज्क आन झी’? (मडगाव)

‘विज्क’ तर नकोच! ‘आय-जे’ ही डचमधली एक जोडी आहे, तिचा उच्चार ‘एइ’च्या आसपास होतो. शेवटचे दोन ‘ई’ म्हणजे लांब ‘ए’, इंग्रजीसारखा ‘ई’ नव्हे. म्हणून ‘वेइक आन झे’, आणि ‘झे’ अगदी ‘झेप’मधला. अर्थ, समुद्रकाठचं वेइक.

हे नाव तर आपल्याला तोंडपाठ हवं. तिथल्या चॅलेंजर्स या दुय्यम गटात २०१८ साली नाशिकचा विदित गुजराथी पहिला आला, २०२४ साली गोव्याचा लिऑन मेंडोन्सा. दोघांनाही त्या विजयामुळे पुढच्या वर्षी मुख्य गटात जागा मिळाली. बातमी देताना विजेत्याचं नाव अचूक आणि गावाचं मोडकं, हे मला खटकतं.

प्रश्न : डावाच्या सुरुवातीच्या सिसिलियन बचावातलं ‘शेव्हेनिंजन’ व्हेरिएशन बरोबर म्हणतो का मी? (सोलापूर)

द हेगजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या या वस्तीत १९२३ साली झालेल्या स्पर्धेवरून हे नाव पडलं, आणि तिथे हंगेरियन खेळाडू मारोत्सीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी ही रचना खेळणारे होते आपले ओवेच. सुरुवातीचं ‘एस-सी-एच’ म्हणजे ‘श’ नाही. आधी ‘स’, मग उर्दूभाषक ‘खबर’ म्हणताना घशातून घासून काढतात तो ‘ख’. ‘एन-जी’ म्हणजे ‘रंग’मधला अनुनासिक, त्यात ‘ज’चा मागमूस नाही. तर ‘स्खेवनिंगन’, आणि बोलण्यात शेवटचा ‘न’ बहुधा गळतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर ओळखायला डच लोक हाच शब्द म्हणून दाखवायला सांगत, असं सांगितलं जातं. जर्मन माणूस ‘श’ म्हणून सापडायचा.

तुम्ही पुढे विचारलेली डच बुद्धिबळपटूंची नावं झटपट : नोटेबोम (दोन ‘ओ’ म्हणजे लांब ‘ओ’, ‘ऊ’ कधीच नाही), यान टिमन (‘जे’ म्हणजे ‘य’), योर्डन फान फोरेस्ट. बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ द ख्रोट. रोमनमध्ये तिथे ‘जी’ असतो, पण आवाज त्याच घशातल्या ‘ख’चा. डच बुद्धिबळपटू अनीश गिरी मात्र ‘गिरी’च म्हणा, ते आडनाव नेपाळी आहे.