घरच्या पाण्याच्या गाळणीत कोळसा घालावा का, आणि कोणता?

तुम्ही लिहिलंय की नळाच्या पाण्याला टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनवाल्या ब्लीचिंग पावडरचा, उग्र वास येतो, उन्हाळ्यात बोअरचं पाणी घ्यावं लागतं, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या वणीत दगडी कोळसा हाताशी आहे, तर तोच मडक्यात घालून पाणी गाळलं तर चालेल का?

दगडी कोळसा नको. हे आधीच सांगते, कारण मराठीत आपण दगडी आणि लाकडी दोघांनाही कोळसाच म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. खाणीतून निघतो तो कोट्यवधी वर्षं दबून तयार झालेला दगड. त्यात गंधक असतं, मातीचा अंश असतो, किंचित पारा आणि आर्सेनिकही असू शकतं. पाण्यातलं काही काढून घ्यायचं सोडून तो स्वतःचंच पाण्यात सोडायचा. कारखान्यात दगडी कोळशापासूनही अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे गाळणीसाठी मुद्दाम सच्छिद्र केलेला कोळसा, बनवतात हे खरं, पण तो 800 ते 1000 अंशांना वाफेत भाजून काढलेला असतो. आपल्या चुलीचं ते काम नव्हे.

गाळणीत घालायचा तो लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा. इस्त्रीवाल्याकडे असतो तोच. करवंटीचा मिळाला तर आणखी चांगला, त्याची छिद्रं फार बारीक असतात. सगळी करामत या छिद्रांची आहे. कारखान्यात तयार केलेल्या चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर साधारण 1000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे जागा व्यापतील! वास आणि रंग आणणारे पदार्थ या भिंतींना चिकटून राहतात. घरच्या कोळशाची जागा याहून बरीच कमी, पण गुण तोच. हा गुण 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोविट्झ या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आला. तो टार्टारिक आम्लाचे, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लाचे, स्फटिक करत होता. द्रावण तपकिरी व्हायचं, ते कोळशाने स्वच्छ झालं. क्लोरीनचं जरा वेगळं आहे. तो नुसता चिकटत नाही, कोळशाशी क्रिया होऊन त्याचा साधा क्लोराइड होतो आणि वास जातो.

आता माझी फजिती सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. एकावर एक मडकी, एकात खडी, एकात वाळू, एकात कोळसा, हे चित्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणतीच नाही. घरी मात्र कधी करून पाहिलं नव्हतं. एका पावसाळ्यात विहिरीचं पाणी जांभ्याच्या मातीने लाल झालं, ग्रामपंचायतीने टीसीएलही सढळ हाताने टाकली, तेव्हा म्हटलं करूच. पहिल्या दिवशी खालच्या मडक्यात शाईसारखं काळं पाणी जमलं, कारण मी कोळसा एकदाच विसळला होता. मग पाणी नितळ येईपर्यंत सात-आठ वेळा धुतला. तरी तो तरंगून वर यायचा, म्हणून वर फडकं पसरून त्यावर नदीतले गोटे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून पाणी असं सुंदर की मुलं घागरीतलं सोडून तेच पिऊ लागली. जलसुरक्षक पाणी तपासायला येतो त्याच्याकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून पाहायची चाचणी, करून घेतली. विहिरीच्या पाण्याला पिवळा रंग आला, गाळलेल्याला काहीच नाही. मी खूश! क्लोरीन गेला होता.

तिसऱ्या आठवड्यात सहज म्हणून गाळलेलं पाणी जंतू तपासायच्या कुपीत भरून ठेवलं. ही हायड्रोजन सल्फाइडची कुपी, पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत काळी पडते. माझी सकाळपर्यंत काजळासारखी झाली. नशीब, सासूबाईंचा माझ्या चित्रावर विश्वास नव्हता, त्या ते पाणीही उकळूनच देत होत्या.

झालं काय होतं ते नंतर कळलं. कोळसा जंतू मारत नाही. उलट जंतूंना रोखणारा क्लोरीन त्याने काढून टाकला, आणि मागे राहिली ओली, अंधारी, चिकटलेल्या खाऊने भरलेली जागा. मडकं उपसलं तर तळाचे तुकडे बोटांना बुळबुळीत लागत होते. पाणी नितळ दिसलं, वास गेला, की आपण ते शुद्ध झालं असं धरून चालतो, मीही तेच केलं.

म्हणून क्रम असा ठेवा: गढूळ असेल तर तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, मग वाळू, मग कोळसा, आणि त्यानंतर खळखळ उकळी. उकळणं जमत नसेल तर गाळून झाल्यावर मेडिक्लोर हे क्लोरीनचं औषध घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढं, आणि अर्धा तास थांबा. आधी औषध टाकून मग कोळशातून गाळलं तर औषध फुकट जाईल. कोळसा हरभऱ्याएवढा फोडून घ्या. चुलीतल्या राखेसकट घालू नका, राखेतल्या क्षाराने पाणी बेचव होतं. तंदूर-बार्बेक्यूच्या साच्यातल्या विटा तर मुळीच नकोत, त्या खळीने बांधलेल्या असतात. आणि पंधरा दिवसांनी कोळसा बदला, वास परत यायची वाट पाहू नका.

तुमच्या बोअरबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5, हे आपलं भारतीय मानक. लाकडाचा कोळसा त्याला हात लावत नाही, आणि उकळून पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. हंड्याला पांढरा थर धरणारे क्षार आणि नायट्रेट यांचंही तेच, कोळशातून ते सरळ खाली उतरतात. केनियात नाकुरूकडे हाडांचा कोळसा करून फ्लोराइड काढतात, पण तो खास भाजावा लागतो, घरी करू नका. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड जास्त निघालं तर त्या बोअरचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला नको, वापरायला ठेवा.

आणि प्रश्न नुसत्या टीसीएलच्या वासाचा असेल, तर एवढा खटाटोपही नको. रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी भरून वर पातळ फडकं बांधा आणि रात्रभर ठेवा, सकाळपर्यंत वास बराचसा उडून जातो. ते त्याच दिवशी संपवा.

गाळणी केलीतच तर काढलेला कोळसा फेकू नका, कुंड्यांच्या तळाशी घाला. माझा मोगरा त्यावर खूश आहे.