भावाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, सरकारकडून नेमकं काय मिळू शकतं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ 34 वर्षांचा, आठ वर्षं आजारी, खासगी उपचारांचा खर्च आता झेपत नाही, आणि वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. महाराष्ट्रात मदत मिळते, पण एका खिडकीवर नाही. प्रत्येक गोष्टीचं कार्यालय वेगळं आहे.

आधी औषधं सुरू करा, तिथे कागद सगळ्यात कमी लागतात. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे मोफत मिळायला हवीत. त्याला पिवळ्या रेशनकार्डाची अट नाही. ग्रामीण रुग्णालयात साठ्याचा भरवसा नसतो, म्हणून थेट सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या, मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा. खासगी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या, ब्रँडचं नाव तिथे उपयोगाचं नाही. घरातल्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. सिव्हिलची गोळी रंगाने, आकाराने वेगळी असते. संशयाचा आजार असलेल्या माणसाला ती अचानक दिली की तो घेणं बंद करतो, आणि मग दोष सरकारी औषधाला जातो. दोन्ही पाकिटं त्याच्यासमोर ठेवून नाव वाचून दाखवा. तरीही गोळी नकोच म्हणाला तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुसरं काम 40 टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. युडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, मग सिव्हिलमध्ये तपासणी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत 1, 2 ते 5 वर्षांना 2, 6 ते 10 वर्षांना 3, त्यापुढे 4. बेरीज 7 झाली की 40 टक्के. तुमच्या भावाला आठ वर्षांचे 3 मिळाले तर चारही बाबींत मिळून फक्त 4 लागतात. पण आठ वर्षं कागदावर दिसली पाहिजेत. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी, जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. सापडत नसेल तर त्या दवाखान्याकडे नोंदींची प्रत मागा, तो रुग्णाचा हक्क आहे.

तपासणीच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, दोन प्रश्नांची उत्तरं नीट देतो, आणि आई म्हणते, "तसा बरा आहे हो, सगळं करतो." झालं, गुण गेले. आधीच्या महिन्याभराची वही ठेवा: आंघोळीसाठी किती वेळा सांगावं लागलं, दुकानातून सुटे पैसे मोजून आणता आले का, शेवटचं काम कधी आणि का सुटलं. वाढवून काही सांगू नका, पण लाजेपोटी झाकूही नका.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025पासून महिना 2,500 रुपये आहेत. पण त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000च्या आत लागतं. वडिलांच्या पेन्शनमुळे तुम्ही त्यात बसणार नाही, तहसीलच्या चकरा वाचवा. 'निरामय' विम्याचा फॉर्म भरा असंही कोणी सुचवेल. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्किझोफ्रेनियाला लागू नाही. वडील जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरत असतील तर प्रमाणपत्रावर 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000.

तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट कुटुंब निवृत्तिवेतन. मनोविकारामुळे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांनंतर ते वयाची मर्यादा न लावता चालू राहू शकतं. त्यासाठी भावाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र वडील हयात असतानाच पेन्शनच्या नोंदींत चढवून घ्या. वडील गेल्यावर आजार आधीपासूनचा होता हे सिद्ध करत वर्षं जातात. अर्ज वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, आणि भावाच्या वतीने रक्कम कोण स्वीकारणार याची नोंद कशी करायची तेही तिथेच विचारा.

मधल्या काळात रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.