'आय केम' कुठे आणि 'आय हॅव कम' कुठे?

ऐरोलीच्या ऑफिसात इंग्रजी बोलताना 'आय केम' म्हणू की 'आय हॅव कम', इथे दरवेळी अडतं, असं तुम्ही लिहिलंय. 'हॅव कम'सारख्या रूपाची शाळेत पाठ केलेली 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' ही व्याख्या आधी सोडून द्या, बराचसा घोळ तिनेच होतो. घारापुरीची लेणी वीस वर्षांपूर्वी पाहिलेली असली तरी 'आय हॅव सीन द केव्ह्ज' बरोबर. आणि ठाण्याला आत्ता पाच मिनिटांपूर्वी उतरलात तरी 'आय गॉट ऑफ फाइव्ह मिनिट्स अगो'च.

वाक्यात 'केव्हा?'चं उत्तर आहे का, ते बघा. काल, 2019 मध्ये, पाच मिनिटांपूर्वी अशी संपलेली वेळ आली की साधा भूतकाळ. वेळ सांगितलीच नाही आणि गोष्टीचा आत्ताशी संबंध आहे, तर हॅव किंवा हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप. आपण 'मी कालच आलोय' सहज म्हणतो, म्हणून तोंडून 'आय हॅव कम यस्टरडे' निघतं. इंग्रजीत ते चालत नाही.

मुलाखतीत हमखास होणारी चूक म्हणजे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. 'तीन वर्षांपासून काम करतो' यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला नाही. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' हवं. आपल्या एका '-पासून'साठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत: किती काळ ते सांगायला फॉर, कधी सुरू झालं ते सांगायला सिन्स. म्हणजे फॉर थ्री इयर्स, पण सिन्स 2022.

'आलोय' म्हणजे 'आलो आहे'. नकारात तर हे 'आहे' गळूनच पडतं, त्यामुळे 'जेवलो नाही' ऐकून काळ कळत नाही. मनात 'अजून' घालून बघा. 'अजून जेवलो नाही' असेल तर 'आय हॅवन्ट ईटन येट', 'काल रात्री जेवलो नाही' असेल तर 'आय डिडन्ट ईट लास्ट नाइट'.

याच्या उलट, 'आहे' दिसलं म्हणून लगेच हॅज लावू नका. 'तो खिडकीत बसलाय' म्हणजे 'ही इज सिटिंग', 'बाळ झोपलंय' म्हणजे 'द बेबी इज स्लीपिंग', 'तिने चष्मा लावलाय' म्हणजे 'शी इज वेअरिंग ग्लासेस'. बसणं, झोपणं, नेसणं, घालणं या क्रियापदांत मराठी '-लंय' बहुतेक वेळा चालू स्थिती दाखवतं. व्याकरणाच्या पुस्तकांत हे क्वचितच सापडतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

'सर वाशीला गेलेत' आणि अजून तिथेच आहेत, तर 'हॅज गॉन टू वाशी'. जाऊन परत आले असतील तर 'हॅज बीन टू वाशी'. 'हॅज वेन्ट' कधीच नाही.

सरावासाठी रोज स्वतःचे पाच मराठी मेसेज घ्या, '-लोय, -लंय, -लेत' असलेले. प्रत्येकाला 'केव्हा?' विचारून मगच इंग्रजी करा. अमेरिकन टीममधलं कुणी 'आय ऑलरेडी एट' म्हणालं तर गोंधळू नका, ऑलरेडी आणि जस्ट असताना त्यांच्या बोलण्यात साधा भूतकाळही चालतो.